भूपेंद्रचं पाठमोरं शूटिंग

भूपेंद्रच्या कॅसेटमध्ये नवरी सोडून सगळं दिसतं, असं वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत म्हणायचे. मांडवाबाहेर पडलेल्या चपला दिसतात, पंगत उठून गेल्यावर उरलेल्या पत्रावळी दिसतात, कुणाच्या तरी आजीचे नुसते पाय दिसतात. अक्षता पडत असतात तेव्हा कॅमेरा मागच्या चुलीपाशी एकट्या बसलेल्या आचाऱ्यावर असतो. मंगलाष्टकं ऐकू येतात, पण लांबून. लोक हसायचे. मीही हसायचो. नव्हे, मी तर नकला करून हसवायचो.

माझा टायपिंगचा क्लास त्याच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानाला लागून होता. मध्ये एक पत्र्याची भिंत. त्याच्याकडे गिऱ्हाईक भांडायला आलं की माझ्या क्लासातल्या मुलींची बोटं मशीनवर थांबायची. मी स्वभावानं किरकिरा माणूस, एक अक्षर चुकलं की अख्खा कागद पुन्हा करायला लावणारा. भूपेंद्रवर माझा जीव होता, आजही आहे, पण म्हणून त्याला सूट देणार नाही.

त्याचं घर व्यापाऱ्याचं. वडील तानबाजी यांचं किराणा दुकान होतं आणि थोरल्या पोरानं गल्ल्यावर बसावं एवढीच त्यांची इच्छा होती. थोरल्यानं कर्ज काढून खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणला. तानबाजी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. धाकटा प्रफुल मुकाट गल्ल्यावर बसला, म्हणून घर चाललं.

कॅमेरा आला त्याच हिवाळ्यात हिंगणीला एका मोठ्या दिग्दर्शकाचं शूटिंग लागलं. साल ब्याण्णव. परदेशात बक्षिसं मिळवलेला माणूस. नाव लिहीत नाही, गावानंही कधी घेतलं नाही. गाव त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचं. बोरच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक मातीचं घर त्यांनी घेतलं होतं. भूपेंद्र बघायला गेला आणि तिथंच चिकटला. पाणी भर, बॅटऱ्या वाहा, गर्दी मागे हटव, काय वाट्टेल ते.

गावाची साफ निराशा झाली. हिरो कोण म्हणून विचारलं तर एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "हा नाचते का?" एकानं विचारलं. म्हातारा नाचत नव्हता, मारामारी करत नव्हता, फारसा बोलतही नव्हता. पोरगा शहरात निघून जातो आणि बाप मागे राहतो, एवढीच गोष्ट. आणि ती घ्यायची पद्धत म्हणजे आमच्या लोकांच्या सहनशक्तीची परीक्षा. कॅमेरा एका जागी ठेवायचा, तोही खाली, पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढा. मग हलवायचा नाही. माणसं दारातून येत, निघून जात, कॅमेरा आपला त्या रिकाम्या दारापाशीच. भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत सगळी माणसं गप्प बसून राहायची. गाणं नाही, वरून संगीत नाही. शेजारच्या भांडणाचा आवाज येई, पण भांडणारे दिसत नसत. कुणी नव्यानं सारवलेली भिंत साहेबांनी खरवडून घेतली, म्हणाले, हिला अजून कोणी टेकलेलं नाही.

भूपेंद्र संध्याकाळी एसटीनं परत आला की माझ्या क्लासमध्ये येऊन हे सांगायचा. डोळे असे, की जणू देवाचं दर्शन घडलंय.

"मास्तर, आज बसचा सीन झाला. पोरगा बसनं चालला. आपण काय केलं असतं? बस घेतली असती, नाई तं बापाचं रडनं. साहेबानं काय केलं मालूम हाय? बापाची पाठ घेतली. नुसती पाठ. दारात उभा, अन् लांबून बस गेल्याचा आवाज."

"आणि तोंड?"

"मीनं बी तेच इचारलं. तं म्हनते कसे, तोंड खोटं बोलू शकते, पाठीले ते जमत नाई. अन् म्हनते, जाणाऱ्याची गोष्ट सारेच सांगतात, मांगं राहणाऱ्याचं काय होते ते पाहा."

त्या एका वाक्यानं त्याचं आयुष्य बदललं. माझ्या मते बिघडलं. शूटिंगचे शेवटचे काही दिवस बाकी असताना तानबाजींचा निरोप गेला की लग्नाची पहिली ऑर्डर आली आहे, ताबडतोब ये. बापाचा राग मोडायची संधी होती. तो आला. हिंगणीचं शूटिंग पुढे त्याच्याशिवाय संपलं, साहेब निघून गेले.

त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आला. वर्ध्यात मात्र तो कधीच लागला नाही. भूपेंद्र एका टॉकीजवाल्याकडे विनवायला गेला होता. तो म्हणाला, "त्यात एक बी गानं नाई. मी काय खुर्च्यायले दाखवू?" म्हणजे गंमत बघा. ज्या सिनेमावर त्यानं आपला सगळा धंदा बेतला तो सिनेमा त्यानं पाहिलेलाच नव्हता. पाहिलं होतं ते शूटिंग, तेही अर्धवट. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच. पण त्याला चिडवणाऱ्या आम्हीही कुणी तो पाहिला नव्हता, त्यामुळे हे आमच्या लक्षात आलं नाही.

लग्नाचं शूटिंग म्हणजे काय असतं? आंदणातला पलंग, कपाट, भांडी एकेक करून दाखवायची. प्रत्येक मामा-मावशी दिसली पाहिजे, नाहीतर पुढची दहा वर्षं रुसवा. आणि बिदाईला रडणं आलं पाहिजे, जवळून, नाकाडोळ्यासकट. भूपेंद्र यातलं काही करायचा नाही. लोक कॅसेट आपटून जायचे. तो शांतपणे म्हणायचा, "आज नाई समजणार. वीस वर्षांनी पाहाजा." तरी काही घरं त्याला बोलवायची, कारण तो स्वस्त होता आणि तानबाजींच्या ओळखीचा होता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात प्रफुलचं लग्न ठरलं, तेही हिंगणीचंच. बबनराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी वर्षाली वर्ध्याला कॉलेजात होती, नालवाडीत मावशीकडे राहायची. किराणा घ्यायला दुकानात यायची. प्रफुल वजनापेक्षा जास्त साखर द्यायला लागला तेव्हाच शकुंतलाबाईंना, म्हणजे भूपेंद्र-प्रफुलच्या आईला, समजलं. जात वेगळी. तानबाजी कुरकुरले आणि तयार झाले. बबनराव तयार झाले नाहीत, पण मुलीनं अन्न सोडलं तेव्हा वाकले. म्हणाले, लग्न लावून देतो, बोलणार मात्र नाही. आणि तो माणूस शब्दाचा पक्का निघाला. साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासून, लग्नापर्यंत एका घरात राहून लेकीशी एक शब्द बोलला नाही. ती जेवायला वाढायची, ते जेवून उठायचे.

आपल्या सख्ख्या भावाच्या लग्नात भूपेंद्रनं मानानं बसायचं सोडून कॅमेरा खांद्यावर घेतला. शकुंतलाबाई चिडल्या, सोयऱ्यांनी नाकं मुरडली. तो ऐकेना.

बिदाईच्या वेळी मी पुढे जीपजवळ उभा होतो. वर्षालीची आई रुख्माबाई लेकीच्या गळ्यात पडून रडत होत्या. भाऊ अंकुश तोंडाला रुमाल लावून उभा होता. सगळं अंगण रडत होतं आणि शूटिंगवाला गायब. वर्षाली रडताना सारखी मान उंच करून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "बाबा कुठी हाय?" कुणीतरी सांगितलं, मागे गोठ्याकडे गेले. ती एक पाय जीपच्या पायरीवर ठेवून थांबली. बापानं येऊन डोक्यावर हात ठेवावा, यापलीकडे तिला काही नको होतं. घरच्यांनी घाई केली, दिवस मावळत आला होता. बबनराव आले नाहीत. जीप निघाली.

पंधरवड्यानं कॅसेट तयार झाली. समोरच्या खोलीत सगळे बसलो. वर्षाली आत, स्वयंपाकघराच्या दाराशी, डोक्यावर पदर घेऊन. भूपेंद्र तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. तो आला की पदर सावरायचा, बाजूला व्हायचं; काही सांगायचं असलं तर सासूमार्फत, नाहीतर जावेमार्फत. यात भांडण नसतं, मान असतो. शहरातल्या लोकांनी नाकं मुरडू नयेत.

बिदाई आली. घराच्या मागच्या दाराची चौकट. चौकटीतून लांब गोठा. त्यात बबनराव, आमच्याकडे पाठ करून, एक हात बैलाच्या पाठीवर. पुढच्या अंगणातलं रडणं ऐकू येत होतं. जीपचा हॉर्न वाजला, गाडी सुरू झाली, आवाज दूर जात जात संपला. बबनराव वळले नाहीत. मग बाजूला चालत निघून गेले आणि कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर थांबून राहिला.

"भाऊ, हे काय घेतलं? पुढे कर," प्रफुल म्हणाला.

मी त्या दिवशी पहिल्यांदा नक्कल केली नाही. चित्र चांगलं होतं, ते खोटं कशाला बोलू. मला ते भिडलं. पण बबनराव माझे कोणी नव्हते. वर्षाली दारातून उठून आत गेली. आत भूपेंद्रच्या बायकोला, मयुरीला, ती एवढंच म्हणाली, "जाता जाता बी बाबानं तोंड दाखवलं नाई मले."

भूपेंद्र मात्र तरंगत होता. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये आला. "पाह्यली ना पाठ, मास्तर? सारं आलं त्यात."

"तिला दिसलं का ते?"

"दिसन. आज नाई तं उद्या."

उद्या आला नाही. मांडवपरतणीला वर्षाली माहेरी गेली तर बबनराव शेतावरच राहिले. आणि पोळ्याच्या आधी, निंदण चालू असताना, बांधावर बसल्या जागी गेले. घरी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्षाली पोचली तेव्हा लोक तिरडी उचलायला खोळंबले होते. त्यानंतर ती दोनतीनदा ती कॅसेट लावून बसलेली मयुरीनं पाहिली. दार, गोठा, पाठ. ती मागे घ्यायची, पुन्हा लावायची. पाठ ती पाठच.

आता भूपेंद्र हादरला. त्यानं मयुरीला सांगितलं, "तिले सांग, बाबा रडून राह्यले होते. राग नोता त्यायच्या मनात." मयुरीनं सांगितलं. वर्षालीचं उत्तर मयुरीमार्फतच परत आलं: "भाऊजी मनाचे चांगले हायेत. माह्यं मन राखाले म्हनतात." कुणीही तसंच म्हटलं असतं. घरातल्या सुनेचं सांत्वन करायला थोरला माणूस आणखी काय सांगणार? ज्या माणसाकडे कॅमेरा होता त्यानं तोंडी सांगायला लागावं, यात तिला खोटेपणाच दिसला. आणि समोरासमोर विचारायची सोय नव्हती. एकाच घरात दोघं. ती त्याला ताट वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. मला हे दृश्य पुन्हा पुन्हा बघावं लागलं आणि दर वेळी वाटायचं की तानबाजींच्या त्या घरात बबनरावांचं न बोलणं राहायला आलं आहे.

धंद्यात मात्र तो पालटला. जो माणूस तोंड घेत नव्हता तो तोंडाशिवाय काही घेईनासा झाला. बिदाईला कॅमेरा असा नाकाजवळ नेई की रडणारी बाई दचकून थांबायची. बाप कोपऱ्यात गेला तर हा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा. मिक्सिंगमध्ये गुलाबाची फुलं, बदामाच्या आकारात नवरा-नवरी, पाकळ्यांचा पाऊस, जे मागाल ते. गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानाला काचेचं दार आलं. एकदा मी चिडवलं, "काय रे, साहेबांचं काय झालं?"

"साहेबाले लग्नाच्या ऑर्डरी नोत्या," तो म्हणाला आणि उठून गेला. पुढे मी तो विषय काढला नाही.

मग दोन हजार तीन साली पेपरात आलं की रविवारी दुपारी दूरदर्शनवर तो सिनेमा लागणार. हिंगणीला फोन गेले. शकुंतलाबाईंनी स्वयंपाक लवकर उरकला. तानबाजी तोपर्यंत वारले होते. मी गेलो, कारण मलाही एकदा बघायचंच होतं की माझ्या मित्राला बिघडवलं कशानं. प्रफुल, मयुरी, मी समोरच्या खोलीत. भूपेंद्र खाली, टीव्हीच्या अगदी जवळ. वर्षाली नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी.

भूपेंद्रनं सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं. खालून लावलेला कॅमेरा, दाराच्या चौकटी, उतरणारं ऊन, माणूस गेल्यावरही न हलणारी नजर. आणि म्हातारा सतत पाठमोरा. पोरगा जातो, पाठ. पत्र येत नाही, पाठ. बायको मरते तेव्हाही साहेबांनी त्याचा खांदा तेवढा दाखवला. "हा मानूस इकडे कवा फिरते, बाप्पा?" शकुंतलाबाई कंटाळून म्हणाल्या. खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. कंटाळा नव्हता, आता त्या माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

शेवटी पोरगा येतो. बऱ्याच वर्षांनी, घर विकायला. तेच दार. बाप पाठमोरा बसलेला. पोरगा हाक मारतो. आणि म्हातारा वळतो. सावकाश, आधी मान, मग खांदे, मग सगळा. तो चेहरा पडदाभर येतो आणि साहेबांचा कॅमेरा जसा दारावर थांबायचा तसा त्यावर थांबतो. त्यात राग होता, लाज होती, आणि पोराला बघून झालेला आनंद तर इतका, की म्हाताऱ्याला तो लपवता येत नव्हता. मी आजवर कुणाचं तोंड इतका वेळ बघितलेलं नाही. तेवढ्यासाठी साहेबांनी आम्हाला दोन तास त्याच्या पाठीमागे बसवून ठेवलं होतं.

शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या. प्रफुलनं आवाज कमी केला. भूपेंद्र हलला नाही.

"तोंड घेतलं होतं त्यायनं," तो म्हणाला. "मी निघून आल्यावर घेतलं. मले मालूमच नोतं."

मग तो वळून बसला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, सात वर्षांत पहिल्यांदा, तिला नावानं हाक मारून बोलला.

"वर्षाली, तुह्या बाबाचं तोंड मीनं पाह्यलं होतं. पाठीवरून नाई सांगून राह्यलो. गोठ्याच्या खिडकीतून पाह्यलं, हातभर अंतरावरून. खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला होता त्यायनं, आवाज बाहेर येऊ नाई म्हून. अन् बैलाले सांगून राह्यले होते, चालली रे, माह्यी वर्षू चालली. बहुत रडले. क्यामेरा खांद्यावर होता माह्या. बटन दाबाचं तेवढं बाकी होतं. पण मले वाटलं, असं घ्याचं नसते, हे हलकं काम हाय. म्हून तिथून निघालो, घराले फेरा मारला, अन् मांगच्या दारात जाऊन पाठ घेतली."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे पुष्कळ पाहिले. हा स्वतःच्या पायांनी चालत, लांबचा फेरा घेऊन लागला होता. मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. दोन्ही केलं नाही.

वर्षाली दारातून पुढे आली. खोलीच्या मध्यापर्यंत आली. पदर खांद्यावर आला होता, तिनं तो वर घेतला नाही. शकुंतलाबाई काही म्हणणार होत्या, मयुरीनं त्यांचा हात धरला.

"माह्यी वर्षू म्हनले?" तिनं थेट त्याला विचारलं.

"हाव."

ती उभी राहिली. डोळे भरले नव्हते. नजर त्याच्या चेहऱ्यावर अशी की जणू त्याच्या डोळ्यांत ते तोंड अजून कुठे उरलं असेल तर ती काढून घेणार होती.

"भाऊजी, तुमी पाह्यलं," ती म्हणाली. "तुमचे कोन होते ते? पाहाचं मले होतं."

भूपेंद्रनं मान हलवली. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.